शहाण्यांच्या संस्थेचा वेडेपणा

मोठ्या संस्था अविवेकाने वागतात, असे म्हणणे सोपे आहे. कोडे पडते ते त्यांतला एकेक माणूस विवेकी निघाल्यावर. या कोड्यावर मी वाचलेले सर्वांत कसदार पुस्तक म्हणजे समाजशास्त्रज्ञ डायेन व्हॉन यांचे ‘द चॅलेंजर लाँच डिसिजन’ (१९९६). त्याचा शेवटचा निवाडा मात्र मला पटत नाही.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. सात अंतराळवीर गेले. बाजूच्या अग्निबाणाच्या सांध्यातली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, थंडीने ताठरली होती. वेळापत्रकाच्या हव्यासापायी नासाच्या व्यवस्थापकांनी नियम धाब्यावर बसवले, हा रूढ समज. व्हॉन कागदपत्रे उलगडून दाखवतात की नियम पाळले गेले होते. १९८१ मधल्या दुसऱ्याच उड्डाणात कडी झिजलेली आढळली. हिशेब झाले, ‘जोखीम स्वीकारार्ह’ असा शेरा पडला. पुढे झीज वाढली, तेव्हा आधीच्या शेऱ्याच्याच आधारे नवा शेरा पडला. ‘पूर्वीप्रमाणे’ या एका शब्दावर आपल्या कचेऱ्यांतल्या किती फायली पुढे सरकतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

आदल्या रात्रीच्या दूरध्वनी-बैठकीत अग्निबाण बनवणाऱ्या थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले, सुमारे १२ अंश सेल्सिअसखाली उडवू नका. पण त्यांनी फक्त बिघाड झालेली उड्डाणे तपासली होती. त्यांतले एक उबदार दिवसाचे, म्हणून थंडीचा संबंध पुसट दिसला. सगळी उड्डाणे मांडली असती, तर चित्र स्वच्छ होते: १८ अंशांखालच्या चारही उड्डाणांत कड्यांना इजा, त्यावरच्या वीसांपैकी फक्त तिनांत. नासाने आकड्यांचा पुरावा मागितला. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागे. त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची पाळी अभियंत्यांवर आली. पुराव्याचा भार असा कूस बदलतो, तेव्हा कुणाचा आवाजही चढावा लागत नाही.

इथवर मी व्हॉन यांच्याबरोबर आहे. पण सगळा दोष संस्थेच्या ‘संस्कृती’वर टाकून त्या थांबतात, तेव्हा जबाबदारी पाण्यात मीठ विरघळावे तशी नाहीशी होते. थायोकोलने पाच मिनिटे मागून घेतली आणि अर्धा तास आपसांत खल केला. अभियांत्रिकीच्या उपाध्यक्षांना वरिष्ठाने सांगितले, अभियंत्याची टोपी उतरवा, व्यवस्थापकाची घाला. मत चार अधिकाऱ्यांनी दिले. विरोध करणाऱ्या अभियंत्यांना ते विचारलेच नाही. याला अंगवळणी पडलेली सवय कसे म्हणावे? टोपी उतरवायला सांगणाऱ्याला दोन टोप्यांतला फरक नीट कळत होता.

आणि ॲलन मॅकडोनाल्ड? ते त्याच कंपनीचे, अग्निबाण प्रकल्पाचे प्रमुख, त्या रात्री फ्लोरिडात तळावर हजर. संस्कृती तीच, दबाव तोच. उड्डाणाच्या शिफारशीवर त्यांनी सही नाकारली. ती सही मग युटामधल्या वरिष्ठाने केली आणि कागद फॅक्सने तळावर पोहोचला.