‘ग्रॅव्हिटी’तील दोरी कोण ओढत होते?

अल्फोन्सो क्वारोन यांचा ‘ग्रॅव्हिटी’ हा चित्रपट २०१३ साली आला व त्याला सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. वजनरहित अवस्थेचे इतके प्रत्ययकारी चित्रण क्वचितच पाहायला मिळते. म्हणूनच त्यातील एका प्रसंगाबद्दल आमची तक्रार आहे. विश्वासार्ह चित्रपटातील चूक विद्यार्थ्यांच्या मनात पक्की बसते.

प्रसंग असा : अंतराळ स्थानकाशी जोडलेल्या पॅराशूटच्या दोऱ्यांत डॉ. रायन स्टोन हिचा पाय अडकला आहे. तिने धरलेल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला मॅट कोवाल्स्की आहे. दोघे जवळजवळ थांबलेले दिसतात, तरी दोरी ताठच! आपल्यामुळे तीही सुटून जाईल म्हणून कोवाल्स्की दोरी सोडतो आणि दूर दूर जातो.

त्याला ओढत कोण होते?

कड्यावरून लोंबकळणाऱ्या माणसाला पृथ्वी खाली खेचते आणि दोरी त्याला अडवून धरते. त्यामुळे दोरीतील ताण त्याच्या वजनाइतका असतो. येथे माणसे, दोरी व स्थानक ही सारी एकाच त्वरणाने पृथ्वीभोवती पडत आहेत. दोरीला ताण येईल तो कोवाल्स्कीचा वेग थोपवताना. पोशाखासह त्याचे वस्तुमान २०० किलोग्रॅम आणि वेग सेकंदाला १ मीटर धरू. २ सेकंदांत त्याला थांबवण्यास सरासरी १०० न्यूटन बल पुरेल, म्हणजे साधारण १० किलोग्रॅमची पिशवी हातात धरण्याइतके. तो थांबला की ताण संपला. मग दोरीला हलका हिसका दिला असता, तरी तो तिच्याकडे आला असता.

दिग्दर्शकाची बाजूही पाहू. दोऱ्या पायावरून घसरत असतील, तर ताण असू शकतो. पण तेच घर्षण त्याचा वेग कमी करत असते. सगळे गोल फिरत असतील, तरीही ताण टिकतो. मात्र १० मीटर दोरीत १०० न्यूटन ताण राहण्यासाठी सुमारे २८ सेकंदांत एक फेरी व्हायला हवी. मागची पृथ्वी आणि तारे गरगरताना दिसले असते. तसे काही पडद्यावर ठळकपणे दिसत नाही.

प्रत्यक्षातला दाखला सप्टेंबर १९६६ मधला आहे. जेमिनी-११ हे यान ३० मीटर दोरीने अजेना यानाला जोडले होते. ती दोरी ताठ ठेवणे अंतराळवीरांना जड गेले. जोडी सावकाश फिरवल्यावर ती ताणलेली राहिली.

हा प्रसंग पाहताना बहुतेकांना काही खटकत नाही, याची थोडी जबाबदारी आपल्या फळ्याकडेही जाते. ताण शिकवताना आपण टांगलेले वजन काढतो आणि तेथेच थांबतो. चाकांच्या दोन खुर्च्यांवर दोन विद्यार्थी बसवून त्यांच्या हाती एक दोरी द्यावी. एकाने ओढली की दोघेही जवळ येतात, आणि ओढणे थांबताच दोरी सैल पडते. त्यानंतर वर्गाला हा प्रसंग दाखवावा आणि वरचा प्रश्न विचारावा.