बेणारेबाईंची थट्टा

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले, पण बहुतेक टीकाकारांचे लक्ष लीला बेणारे हिच्या अखेरच्या स्वगताकडे वेधले गेले. आम्हांस अधिक विचारणीय वाटते ती बाईंची थट्टा.

पहिल्या अंकात त्या भोळ्या सामंतापुढे आपल्या एकेका सोबत्याची फिरकी घेतात. प्रेक्षक हसतात. पण शाळेत त्यांची चौकशी चालू आहे, पोटात मूल वाढते आहे आणि त्या मुलाचा बाप, प्रा. दामले, फिरकलेला नाही. हे कळल्यावर तो अंक पुन्हा वाचावा. त्यातील एकही थट्टा मग हलकी राहत नाही. ‘एकच प्याला’मधील तळीरामाचा विनोद शोकाच्या शेजारी उभा असतो, येथे शोकच विनोदाची भाषा बोलतो.

वेळ घालविण्यासाठी अभिरूप न्यायालय भरते आणि बाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. बाई क्षणभर सुन्न होतात. मग सावरून सांगतात की आपल्या हातून साधे झुरळ मरत नाही, तिथे मूल काय मरणार! वर्गातील एका द्वाड पोराला फटका दिल्याची कबुली मात्र देतात. हे उत्तर अस्सल मास्तरकीचे आहे, आणि येथेच त्या सापडतात. आरोपाची थट्टा केली म्हणजे खटला हा खेळ असल्याचे मान्य केले. पुढे दामल्यांचे नाव निघते, पोंक्षे टिक-ट्वेंटीच्या बाटलीची हकीकत सांगतो; बाई संतापून उठतात तेव्हा हा तर खेळ, असे त्यांनाच ऐकविले जाते. ज्या ढालीआड त्या उभ्या होत्या, ती सुखात्मे आणि काशीकर यांनी अलगद काढून घेतली.

शेवटी भ्रूणहत्येबद्दल खटला चालविणारे तेच न्यायालय गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते. साऱ्या नाटकातील सर्वांत काळा विनोद हाच. पण तो ओळखू शकणारी एकमेव व्यक्ती तोवर कोलमडलेली असते. या दृष्टीने ते दीर्घ स्वगत आम्हांस किंचित अलंकृत वाटते. थट्टेने जे अर्ध्या वाक्यात सांगितले, ते तेथे पसरट झाले आहे. सुलभा देशपांडे यांच्या अभिनयाने त्याला कीर्ती दिली हे मान्य करूनही आमचे मत तेच आहे.

वर्षांपूर्वी एका शाळेत एका सहशिक्षिकेविषयी शिक्षकांच्या खोलीत अशीच गंमत चाले. बाई स्वतःही हजरजबाबी उत्तरे देत. एके दिवशी त्यांनी उत्तर देणे थांबविले आणि वर्ष संपताच त्या निघून गेल्या. त्या खोलीत हसणाऱ्यांत आम्हीही होतो.