वनौषधींच्या सूक्ष्मजीवरोधक गुणांचे संशोधन : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : बीड जिल्ह्यातील सीताफळ)

प्रस्तावना :

बीड जिल्ह्याच्या मध्यातून जाणारी बालाघाटची डोंगररांग ही सीताफळाची भूमी म्हणून सर्वपरिचित आहे. धारूर, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी या तालुक्यांतील खडकाळ, हलक्या जमिनीवर हे झाड कोणत्याही निगराणीशिवाय वाढते. अंबाजोगाई येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. फळाची अशी दखल घेतली गेली असली, तरी पान, साल आणि बी यांचा विचार मात्र प्रामुख्याने महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून होत आला आहे.

वनस्पतींचे अर्क काढून त्यांतील जैवसक्रिय संयुगे व सूक्ष्मजीवरोधक गुण तपासणे हा गेल्या पंचवीस वर्षांत विज्ञान शाखेच्या अध्यापकांचा सर्वाधिक आवडीचा संशोधनविषय ठरला आहे. कडुनिंब, तुळस, अडुळसा, निरगुडी, रुई, तरवड, गुळवेल आणि सीताफळ ही नावे शोधनिबंधांच्या शीर्षकांत वारंवार भेटतात. या संशोधनाची संख्या वाढली, पण त्याची चिकित्सा क्वचितच झाली. प्रस्तुत लेखात ती करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१. सूक्ष्मजीवरोधक गुणांच्या प्रचलित चाचण्यांतून नेमके काय सिद्ध होते, याचा शोध घेणे.
२. सीताफळाचे पारंपरिक उपयोग, त्याचे रसायनशास्त्र आणि प्रयोगशाळेत विचारला जाणारा प्रश्न यांचा परस्परसंबंध तपासणे.
३. ग्रामीण महाविद्यालयांच्या साधनमर्यादेत शक्य असलेल्या सुधारणा सुचविणे.

प्रचलित शोधनिबंधाचे स्वरूप :

या प्रकारच्या शोधनिबंधाची रचना आता जवळजवळ ठरून गेली आहे. पाने गोळा करून सावलीत वाळवायची, भुकटी करायची, सॉक्सलेट उपकरणात मिथेनॉल, क्लोरोफॉर्म, पेट्रोलियम ईथर अशा द्रावकांत अर्क काढायचा. नंतर मेयर व ड्रॅगेनडॉर्फ अभिकर्मकांनी अल्कलॉइड, फेरिक क्लोराइडने टॅनिन, फेसाच्या चाचणीने सॅपोनिन यांची तपासणी करायची आणि कोष्टकात अधिक-उणे चिन्हे भरायची. शेवटी आगरमध्ये छिद्र पाडून त्यात अर्क सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी 'झोन ऑफ इनहिबिशन', म्हणजेच जीवाणूंची वाढ न झालेले वलय, मिलिमीटरमध्ये मोजायचे. 'सदर वनस्पती नव्या प्रतिजैविकांचा स्रोत ठरू शकते' हे वाक्य निष्कर्षात बहुधा येतेच.

या पद्धतीचे शैक्षणिक मूल्य नाकारता येत नाही. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला निर्जंतुकीकरण, मोजमाप, नियंत्रित प्रयोग यांची पहिली ओळख येथेच होते. आक्षेप आहे तो या सरावाला शोधाचा दर्जा देण्यास.

वलयाचे गणित :

पट्टिकेवरील वलय मोजण्याची पद्धत १९६६ मध्ये बाउअर, किर्बी, शेरिस व टर्क यांनी प्रमाणित केली. ती शुद्ध प्रतिजैविकांसाठी होती. चकतीवरील औषधाची मात्रा ठराविक, त्याचा आगरमधून पसरण्याचा वेग ज्ञात, आणि वलयाचा व्यास रुग्णाच्या उपचाराशी जोडलेला, अशा तिच्या अटी होत्या. वनस्पतीच्या अर्काबाबत यांपैकी एकही अट पूर्ण होत नाही.

एक साधे गणित पाहू. अर्काची संहती प्रति मिलिलिटर १०० मिलिग्रॅम आणि छिद्रातील द्रव १०० मायक्रोलिटर असेल, तर जीवाणूंसमोर १० मिलिग्रॅम अर्क ठेवला गेला. तुलनेसाठी ठेवलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या प्रमाणित चकतीत ५ मायक्रोग्रॅम औषध असते. म्हणजे अर्काची मात्रा औषधाच्या दोन हजार पट झाली. अशा स्थितीत अर्काचे वलय १६ मि.मी. आणि औषधाचे २८ मि.मी. आल्यास 'अर्काची क्रिया प्रमाणित औषधाच्या निम्म्याहून अधिक आहे' असे म्हणणे ही गंभीर चूक ठरते. उलट बाजूनेही हे वलय फसवे आहे. पाण्यात न विरघळणारी संयुगे आगरमधून नीट पसरत नाहीत. त्यामुळे प्रभावी संयुग असूनही वलय लहान दिसू शकते.

म्हणूनच किमान प्रतिबंधक संहती, म्हणजे एम.आय.सी., काढणे आवश्यक ठरते. रिओस आणि रेसिओ यांनी २००५ मधील आपल्या विवेचनात अर्कासाठी प्रति मिलिलिटर १०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आणि शुद्ध संयुगासाठी १० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी संहतीत दिसणारी क्रियाच विशेष लक्षणीय मानावी, असे सुचविले. या निकषावर अनेक 'आशादायक' अर्क टिकणार नाहीत.

टॅनिनचे उदाहरणही बोलके आहे. टॅनिन प्रथिनांना साकळवते, त्यामुळे ते विपुल असलेला बाभळीच्या सालीचा अर्क अनेक जीवाणूंना रोखताना दिसतो. बाभळीच्या काडीने दात घासण्याच्या प्रथेशी हे सुसंगत आहे. मात्र तोंडातील वरवरचा उपयोग आणि रक्तातून शरीरभर पोहोचणारे औषध यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर वलय दाखवीत नाही.

सीताफळ : परंपरेचा प्रश्न आणि प्रयोगशाळेचा प्रश्न :

बालाघाटातील कोणत्याही गुराख्याला ठाऊक असते की शेळ्या सीताफळाच्या पाल्याला तोंड लावीत नाहीत. चराईने उघड्या पडलेल्या डोंगरावर हे झाड टिकून राहण्याचे एक कारण तेच आहे. ग्रामीण घरांत सीताफळाच्या बियांची पूड डोक्यातील उवा मारण्यासाठी वापरली जात आली आहे. जनावराच्या जखमेत किडे पडले, तर पाला वाटून लावण्याचा प्रघात आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्यास एक बाब स्पष्ट होते. लोकपरंपरेने या झाडाची नोंद मुख्यतः कीटकांचा शत्रू म्हणून ठेवली आहे.

रसायनशास्त्राची साक्षही याच दिशेने जाते. सीताफळाच्या बियांत स्क्वामोसिनसारखी असिटोजेनिन गटातील संयुगे असतात. पेशीतील मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीतील पहिला टप्पा ती रोखतात. कीटकाची ऊर्जानिर्मिती त्यामुळे थांबते. जीवाणूंना मायटोकॉन्ड्रिया नसतात. साहजिकच या संयुगांचे खरे सामर्थ्य जीवाणूंच्या पेट्री डिशमध्ये प्रकटेलच असे नाही. तरीही बहुसंख्य प्रयोगांत सीताफळासमोर ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हेच दोन जीवाणू उभे केले जातात. याचे कारण वनस्पतीत नाही. हे जीवाणू, आगर आणि इन्क्युबेटर प्रयोगशाळेत आधीच उपलब्ध असतात, हे त्याचे कारण आहे. येथे प्रश्न झाडाने विचारलेला नसून उपकरणाने विचारलेला आहे. या संपूर्ण संशोधनप्रकाराची मूळ उणीव हीच होय.

या उणिवेचे परिणाम केवळ शैक्षणिक नाहीत. बियांची पूड डोळ्यांत गेल्याने बुबुळाच्या पारदर्शक पटलाला इजा होते, हे नेत्रवैद्यकाच्या साहित्यात नोंदलेले आहे. सीताफळाच्याच कुळातील मामफळाच्या सेवनाचा कंपवातासदृश विकाराशी संबंध असल्याची शक्यता ग्वादलुप बेटावरील अभ्यासातून १९९९ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात मांडली गेली. याचा अर्थ सीताफळाचा गर घातक आहे असा नव्हे. परंतु पान व बी यांच्या अर्काला 'निर्धोक नैसर्गिक औषध' म्हणण्यापूर्वी विषाक्ततेची चाचणी अनिवार्य आहे, एवढे त्यातून निश्चित होते. ज्या निबंधात वलय आहे पण विषाक्ततेचा शब्दही नाही, तो निबंध वाचकाला अर्धीच माहिती देतो.

ओळखीचा प्रश्न :

वनस्पती नेमकी कोणती, हा या संशोधनातील पहिला आणि सर्वाधिक दुर्लक्षित प्रश्न आहे. 'शंखपुष्पी' या एकाच नावाने कॉन्व्हॉल्व्ह्युलस, विष्णुक्रांता आणि गोकर्ण अशा वेगवेगळ्या वनस्पती वापरल्या जातात. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदले गेले. त्यांनी गुळवेलीचे सेवन केले होते. हा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात असू शकेल, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. वाद पुढेही चालू राहिला. येथे महत्त्वाचे इतकेच की सेवन केलेल्या वनस्पतीचा ओळख पटवलेला नमुना प्रारंभापासून हाताशी असता, तर वादाचा हा भाग उद्भवलाच नसता.

मराठवाड्यातील अभ्यासकास याबाबत सबब सांगता येणार नाही. डॉ. व. ना. नाईक यांचा मराठवाड्यातील वनस्पतींवरील द्विखंडात्मक ग्रंथ १९९८ पासून उपलब्ध आहे. त्याच्या आधारे ओळख निश्चित करून हर्बेरियम नमुना महाविद्यालयात जतन करणे आणि त्याचा क्रमांक निबंधात देणे यास कोणत्याही महागड्या उपकरणाची गरज नाही.

ग्रंथवाचनाचे महत्त्व :

चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो. हिवतापावरील वनस्पतींचा शोध घेताना त्यांच्या अर्कांचे परिणाम एकसारखे येत नव्हते. चौथ्या शतकातील गे हाँग यांच्या वैद्यकग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घेण्यास सांगितले होते, उकळण्यास नव्हे. उष्णतेने द्रव्य नष्ट होत असावे, हे ताडून त्यांनी १९७१ मध्ये कमी तापमानावर ईथरमध्ये अर्क काढला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम प्रत्यक्ष रुग्णांत तपासून १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. दोन्ही ठिकाणी प्रश्न आधी निश्चित झाला आणि चाचणी त्या प्रश्नानुसार निवडली गेली.

मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे व डॉ. वामन गणेश देसाई यांनी वनौषधींवर मौलिक ग्रंथरचना केली आहे. कोणता भाग, कोणत्या स्वरूपात, कोणत्या विकारावर वापरावा, याचे तपशील अशा ग्रंथांतून मिळतात. परंपरा काढा किंवा लेप सांगत असताना प्रयोगशाळेने केवळ क्लोरोफॉर्मचा अर्क तपासणे आणि निष्कर्षात 'पारंपरिक उपयोगास पुष्टी मिळाली' असे लिहिणे तर्कसंगत नाही. भाषा व इतिहास विषयांच्या अध्यापकांनी या ग्रंथवाचनात विज्ञान शाखेला साहाय्य केल्यास बहुविद्याशाखीय संशोधन हा शब्द अर्थपूर्ण होईल.

संशोधनामागील दबाव :

या स्थितीचा दोष केवळ अध्यापकांवर टाकणे न्याय्य होणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने पदोन्नती गुणांकनाशी जोडली आणि निबंधांची संख्या हीच गुणवत्तेची खूण बनली. २०१९ मध्ये आलेली 'केअर' यादी २०२५ मध्ये मागे घेण्यात आली. नियम बदलत राहिले, पण दबाव कायम राहिला. कमी खर्चात, एका सत्रात पूर्ण होणारा आणि हमखास निष्कर्ष देणारा विषय म्हणून अर्क व वलय यांकडे पाहिले गेले. दरम्यान प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न इतका गंभीर असताना त्यावर सैल उत्तरे देणे परवडणारे नाही.

निष्कर्ष व सूचना :

१. केवळ वलयाच्या व्यासावरून औषधी सामर्थ्याचा निष्कर्ष काढू नये. द्रवमाध्यमात एम.आय.सी. काढण्याची पद्धत ९६ छिद्रांच्या प्लेटवर लहान प्रयोगशाळेतही शक्य आहे.
२. प्रत्येक निबंधात हर्बेरियम क्रमांक, संकलनाचे गाव, महिना आणि वनस्पतीचा भाग यांची नोंद असावी. केवळ द्रावक वापरलेले नियंत्रण व किमान तीन स्वतंत्र पुनरावृत्ती अनिवार्य मानाव्यात.
३. जीवाणूंचे प्रमाणित वाण पुणे येथील एन.सी.आय.एम. किंवा चंदीगड येथील एम.टी.सी.सी. या संग्रहांतून घ्यावेत.
४. क्रिया न आढळल्यास तोही निष्कर्ष प्रसिद्ध व्हावा. महाविद्यालयीन नियतकालिकांनी त्यास जागा द्यावी.
५. बीड जिल्ह्यात सीताफळाचा गर काढल्यावर उरणाऱ्या बिया, त्यांचा कीडनियंत्रणासाठी सुरक्षित उपयोग आणि त्यांपासून डोळ्यांना होणाऱ्या इजा हे विषय प्राधान्याने हाती घ्यावेत. त्यांची उत्तरे येथील शेतकऱ्याला आणि येथील मातेला थेट उपयोगी पडणारी आहेत.

शेळी ज्या पानाला तोंड लावीत नाही, त्या पानात काहीतरी आहे हे बालाघाटच्या गुराख्याने केव्हाच ओळखले होते. त्या निरीक्षणापासून संशोधनाचा प्रारंभ झाला, तर साध्या प्रयोगशाळेतूनही मोलाचे कार्य उभे राहू शकेल.