'आपण' ह्या सर्वनामाचा प्रेक्षकी वापर : सोलापूरच्या पार्क मैदानाच्या निमित्ताने

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : श्रोत्याला वगळणारे 'आम्ही' आणि श्रोत्याला सामावून घेणारे 'आपण'. संस्कृतात हा भेद नाही. 'आपण' हे रूप 'आत्मन्'पासून आलेले असले, तरी त्याला लाभलेले हे कार्य द्राविड भाषांच्या सहवासाचे फळ होय, असे भाषाशास्त्रज्ञ सामान्यतः मानतात. सोलापुरात हा सहवास आजही कानी पडतो. येथील तेलुगू भाषकाजवळ 'मनमु' आणि 'मेमु' असा नेमका हाच भेद आहे. आधुनिक कन्नडातील 'नावु' व उर्दूतील 'हम' ह्यांना मात्र दोन्ही कामे एकट्यानेच करावी लागतात. खेळ, खेळाडू आणि सार्वजनिक पैशातून उभी राहणारी क्रीडांगणे ह्यांविषयी प्रेक्षक जो वाद घालतात, त्याची चिकित्सा ह्या सर्वनामापासून आरंभणे युक्त ठरते. कारण त्या वादातील बरेचसे युक्तिवाद ह्या एका शब्दावरच तोललेले असतात.

सामना जिंकल्यावर प्रेक्षक म्हणतो, 'आपण जिंकलो'. हरल्यावर तोच म्हणतो, 'हे लोक खेळलेच नाहीत'. यशात प्रथमपुरुष आणि अपयशात तृतीयपुरुष, हा पालट केवळ मराठी नव्हे. रॉबर्ट चाल्डिनी व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७६ साली अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तो दाखवून दिला होता. तथापि श्रोता आत आहे की बाहेर, हे इंग्रजी सर्वनाम सांगत नाही. मराठी सर्वनामाला ते सांगावेच लागते. 'आपण जिंकलो' म्हणणारा स्वतः खेळाडूंच्या पंक्तीला बसतो, आणि त्याचबरोबर ऐकणाऱ्यालाही संमती न विचारता हाताला धरून बसवतो. विजयाच्या आनंदात ही बळजोरी निरुपद्रवी, किंबहुना हृद्य असते. खर्चाच्या मागणीत तीच रचना शिरली, की तिचे स्वरूप पालटते. 'आपल्या शहराला स्टेडियम हवे' ह्या वाक्यात, ज्याला ते नको आहे तोही व्याकरणाच्या बळावर मागणीदार ठरतो.

पार्क मैदानाचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. अधिकृत नाव इंदिरा गांधी स्टेडियम असले, तरी लोकांच्या तोंडी ते 'पार्क'च राहिले. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली आणि ह्या योजनेतून मैदानाचे नूतनीकरण झाले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये, दीर्घ खंडानंतर, येथे महाराष्ट्र व मणिपूर ह्यांच्यात रणजी सामना झाला. अशा कामांविषयी बोलताना दोन वाक्यप्रकार हमखास आढळतात. 'निधी आला' हा पहिला. येथे क्रियापद अकर्मक आहे. पाऊस यावा तसा निधी येतो, देणारा कोणीच उरत नाही. वस्तुतः ह्या योजनेत केंद्राच्या वाट्याइतकीच रक्कम राज्य शासन व नागरी संस्था ह्यांनी मिळून उभी करावयाची होती. म्हणजे 'आलेल्या' निधीत खुद्द शहराचाही हात होता. 'विकसित करण्यात आले' हा दुसरा प्रकार. त्यात कर्ताच लुप्त होतो, आणि कर्ता लुप्त झाला की उत्तरदायित्वही लुप्त होते.

विरोधकांची भाषाही निर्दोष नाही. अनेक वर्षे नळाला दिवसांच्या अंतराने पाणी मिळालेल्या शहरात 'आमच्या कराचे पैसे खेळावर का?' हा प्रश्न रास्तच आहे. परंतु ह्या 'आमच्या'तून पहाटे मैदानावर धावणारी मुले आणि तेथे सरावाला येणारे खेळाडू वगळले जातात. त्यांची कुटुंबेही कर भरतात, ह्याचे विस्मरण होते. समर्थकाचे 'आपण' अवाजवी रुंद, तर विरोधकाचे 'आम्ही' अवाजवी अरुंद आहे.

ह्या ओढाताणीत खेळाडूची स्थिती सर्वांत विचारणीय होय. पॉली उम्रीगर १९२६ साली सोलापुरात जन्मले. १९५५ साली हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा करून त्यांनी कसोटीतील पहिले भारतीय द्विशतक झळकावले. त्यांची कारकीर्द मात्र मुंबईत घडली. सोलापूर जिल्ह्यातील किरण नवगिरे २०२२ साली भारतीय संघात पोहोचल्या, त्या नागालँडकडून खेळून. दोघांनाही शहर आज 'आपले' म्हणते, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु कीर्ती झाल्यावर जोडलेले हे स्वामित्ववाचक रूप कीर्तीपूर्वीच्या वर्षांत कोठे होते, असा प्रश्न उद्भवतो. 'आपला खेळाडू' ह्या पदबंधात हक्काबरोबर कर्तव्यही गृहीत असते. ते सरावाच्या खेळपट्टीच्या, प्रशिक्षकाच्या आणि उघड्या फाटकाच्या रूपानेच फेडता येते.

'आपण' म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न सोलापुरापुरता नाही. मुंबईत ब्रेबर्न स्टेडियम १९३७ पासून उभे असताना क्रिकेट क्लब ऑफ इंडिया व मुंबईची क्रिकेट संघटना ह्यांच्यात प्रेक्षकांच्या जागांच्या वाटपावरून बिनसले. परिणामी थोड्याच अंतरावर वानखेडे स्टेडियम उभे राहिले व जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी खेळली गेली. खेळ एकच, शहर एकच. भांडण होते ते आत कोणी बसावे ह्याचे. उलटपक्षी कोल्हापूरच्या खासबाग मैदानाची रचना शाहू महाराजांच्या काळात अशी झाली, की दूरच्या प्रेक्षकालाही आखाडा दिसावा. तो राजाश्रय होता, लोकमताचा कौल नव्हे. तथापि त्या बांधणीत 'आपण' ह्या शब्दाची व्याप्ती प्रत्यक्ष मोजलेली दिसते.

सारांश, प्रेक्षकांच्या वादात तीन भिन्न 'आपण' एकमेकांत मिसळलेले असतात : जिंकणारे, पैसे देणारे आणि मैदान वापरणारे. स्टेडियममुळे शहराची आर्थिक भरभराट होते, ह्या दाव्याला अमेरिकन शहरांच्या अभ्यासांतून फारसा आधार मिळालेला नाही. त्यामुळे पहिल्या दोघांची सांगड नफ्याच्या आशेने घालता येत नाही. ती तिसऱ्याच्याच आधारे घालावी लागते. मैदान कोणत्या वेळी खुले असते, शुल्क किती, मुलींना सरावासाठी जागा मिळते काय, सामना नसलेल्या दिवशी आत कोण असते, ह्या प्रश्नांची उत्तरे 'पार्क' ह्या लोकप्रिय नावाला साजेशी असतील, तर 'आपले मैदान' हा प्रयोग यथार्थ ठरेल. ती तशी नसतील, तर 'आपले'च्या जागी 'त्यांचे' हे सर्वनाम घालणेच व्याकरणशुद्ध होईल.