गोळीनंतरचे गद्दर

गद्दर यांच्याविषयी कोणी बोलू लागला की पहिल्या दोन वाक्यांतच गोळी येते. ६ एप्रिल १९९७ रोजी सिकंदराबादजवळ अल्वाल येथील त्यांच्या घरी मारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. शस्त्रक्रिया झाली, परंतु मणक्याजवळची एक गोळी काढणे जिवावर बेतेल म्हणून तशीच राहू द्यावी लागली. ती अंगात वागवीत हा माणूस आणखी सव्वीस वर्षे गायला आणि नाचला. हकीकत खरी आहे. पण तिची दंतकथा झाली की कलावंत पूज्य ठरतो आणि त्याच्या कलेविषयी व त्याने पुढे धरलेल्या वाटेविषयी प्रश्न विचारणे अप्रशस्त वाटू लागते. प्रस्थापित समीक्षेने आपल्या शाहिरांकडे पाठ फिरवली हे खरेच. पण आपणही त्यांना केवळ हार घालावेत काय?

गुम्मडी विठ्ठल राव हे त्यांचे नाव. जन्म १९४९ चा, मेदक जिल्ह्यातील तूप्रानचा, दलित कुटुंबातला. ‘गद्दर’ हे नाव मराठी कानाला फसवते. त्याचा गद्दारीशी संबंध नाही. ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या गदर पक्षावरून ते घेतलेले आहे. बँकेतली नोकरी सोडून हा तरुण जन नाट्य मंडळीचा पूर्णवेळ गायक झाला. घरातला पहिला पदवीधर म्हणून सांगतो, आपल्या वस्तीत बँकेची नोकरी सोडणे म्हणजे काय असते ते पुस्तकी क्रांतिकारकांना कळणार नाही.

मी शिकवतो ते गाव तेलंगणाच्या सीमेपासून फार दूर नाही. वर्गात तेलुगू घरची मुले असतात. त्यांच्याकडून ही गाणी समजून घेताना पहिल्यांदा लक्षात आले ते हे की, गद्दर यांच्या उत्तम गीतांत बोलणारा माणूस सहसा बंदूकधारी नसतो. तो भाऊ असतो, बहीण असते, बहुधा मुलगा गमावलेली आई असते. उघडे अंग, गुडघ्यापर्यंत धोतर, पायांत घुंगरू, हातात काठी आणि खांद्यावर ‘गोंगडी’, म्हणजे आपली घोंगडीच. साथीला डप्पू, आपल्या हलगीचा सख्खा भाऊ. ज्या वाद्याला हात लावणाऱ्याची जात विचारली जाते ते वाद्य त्यांनी हजारोंच्या सभेच्या मध्यभागी आणले. बुर्रकथेचे निवेदन, शेतात काम करणाऱ्या बायांच्या गाण्यांची लय आणि मर्तिकाचा विलाप यांतून त्यांचे गाणे घडले. त्यात विलाप हाच मला त्यांच्या कलेचा कणा वाटतो. घोषणा त्यावर मागाहून चढते आणि पुष्कळदा ओझेच होते.

म्हणून १९९७ साली ते काय करीत होते याला महत्त्व आहे. चकमकीत मारल्या गेलेल्यांची प्रेते त्यांच्या आईबापांच्या हाती द्या, ही त्यांची त्या काळातली मागणी होती. विलापाचे गाणे गाणाऱ्याने विलापाचा हक्क मागितला! हल्ल्याचा आरोप त्यांनी पोलिसांवर केला.

त्याच वर्षी ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली, आणि चार दिवसांनी आमच्या विलास घोगरे यांनी गळफास घेतला. लाल झेंड्याच्या चळवळीत गायलेला हा शाहीर जाताना कपाळाला निळे फडके बांधून गेला. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा २०११ चा चित्रपट तिथूनच सुरू होतो. दोन शाहीर, एक वर्ष. घोगरे यांनी शेवटच्या क्षणी जो प्रश्न कपाळावर बांधला, त्याचे उत्तर शोधायला गद्दर यांना पुढची सव्वीस वर्षे मिळाली.

प्रश्न जातीचा होता. १७ जुलै १९८५ च्या करमचेडू हत्याकांडावर गद्दर यांनी ‘दलित पुलुलम्मा’ रचले, पण पक्षाच्या परिभाषेत दलित हा पुन्हा भूमिहीन मजूर म्हणूनच नोंदला जाई. गोळीनंतर त्यांनी शस्त्राची भाषा एकदम टाकली असे नाही. आधी ते मध्यस्थ झाले. सरकार आणि नक्षलवादी यांच्यातील बोलण्यांसाठी २००२ व २००४ साली जे दूत होते त्यांत ते होते. २००५ च्या आरंभी ती बोलणी मोडली. मग स्वतंत्र तेलंगणाचे आंदोलन आले आणि त्यांचे गाणे पक्षाच्या हद्दीबाहेर घराघरांत गेले. पक्षाशी नाते २०१२ साली तुटले. पुढे ते बाबासाहेब आणि संविधान यांविषयी बोलू लागले, आणि २०१८ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आयुष्यातले पहिले मत दिले.

डाव्या मित्रांना ही घसरण वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या समाजाला मत हा हक्क बाबासाहेबांमुळे मिळाला, त्या समाजातल्या माणसाने तो तीस-चाळीस वर्षे वापरला नाही, ही किंमत पक्षाने त्याच्याकडून घेतली होती. माझा आक्षेप वेगळा आहे. २०१७ साली ते मंदिरांत गेले, पूजाअर्चा केली. लोकांबरोबर राहायचे म्हणून लोकांच्या देवळात जायचे, हा युक्तिवाद आपण यापूर्वी पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे. चवदार तळ्यावर आणि काळाराम मंदिरासमोर जे झाले ते हक्कासाठी होते. नवस बोलण्यासाठी नव्हते. शेवटच्या वर्षांत राजकीय व्यासपीठे बदलत गेली, तसतशी गाणीही, माझ्या मते, पातळ झाली. विलापाची जागा स्वागतगीताने घेतली की डप्पू नुसता वाजतो.

आणि तरी अल्वालला त्यांनी काढलेली शाळा आहे. महाबोधी विद्यालय हे तिचे नाव. आजूबाजूच्या गरिबांच्या मुलांसाठी ती काढली. ६ ऑगस्ट २०२३ रोजी ते गेले तेव्हा सरकारी इतमाम झाला, पण दफन झाले ते याच शाळेच्या आवारात, बौद्ध पद्धतीने. देवळाच्या त्या फेऱ्यांपुढे मी ही शाळा ठेवीन. गाणे सभा संपली की विरते. शाळेत पोरगे रोज सकाळी यावे लागते, फळा, खडू आणि मास्तरांचा पगार पाहावा लागतो. या कंटाळवाण्या कामावर कोणी पोवाडा रचत नाही.

उरला सन्मानाचा प्रश्न. १९९५ च्या ‘ओरेय रिक्षा’ या चित्रपटात भावाने बहिणीसाठी म्हटलेले त्यांचे एक गीत आहे. त्याला आंध्र सरकारचा नंदी पुरस्कार जाहीर झाला आणि तो त्यांनी नाकारला. जानेवारी २०२४ मध्ये तेलंगणा सरकारने त्याच पुरस्कारांना गद्दर यांचे नाव दिले. आता तो नाकारायचा झाला तर गद्दर यांच्याच नावाने दिलेला नाकारावा लागेल, आणि तसे करणारा नवा गायक त्यांच्या किती जवळचा असेल याचा विचार तेलुगू समीक्षकांनी करावा.