म्या ऊस तोडला : एका वाक्याचं रसग्रहण

‘म्या ऊस तोडला, मोळी बांधली, वाढं विकलं.’

सिंदफणेकाठच्या शिरूर कासार तालुक्यातून कोयता घेऊन कारखान्यावर जाऊन आलेला माणूस असं वाक्य सहज बोलून जातो. शाळेच्या वहीत त्यातल्या ‘म्या’वर लाल रेघ पडते आणि वर ‘मी’ लिहिलं जातं. पण मराठी व्याकरणातला एक फार जुना आणि देखणा वाद याच वाक्यात पुरा सामावला आहे. कवितेची ओळ वाचावी तसं ते सावकाश वाचायला हवं.

आधी क्रियापदं पाहू. तोडला, बांधली, विकलं. पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी अशी तिन्ही रूपं एका दमात आली. ती ठरवली कुणी? उसानं, मोळीनं आणि वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं. हेच वाक्य गड्यानं म्हटलं काय नि बाईनं म्हटलं काय, त्यात कानामात्रेचा फरक पडत नाही. वर्तमानकाळात मात्र ‘मी ऊस तोडतो’ आणि ‘मी ऊस तोडते’ अशी फारकत लगेच होते. म्हणजे काम चालू असतं तोवर क्रियापद करणाऱ्याकडे पाहतं. काम हातावेगळं झालं की ते केलेल्या वस्तूकडे वळतं. घामाचं माप उसात मोजणाऱ्या माणसाच्या तोंडी ही रचना किती शोभते!

भांडण आहे ते इथेच. या वाक्यात धनी कोण? संस्कृत परंपरेचं उत्तर सरळ आहे : क्रिया करतो तो कर्ता, मग तो कुठल्याही विभक्तीत असो. कर्ता तृतीयेत आणि क्रियापद कर्माच्या तंत्रानं, म्हणून हा कर्मणि प्रयोग. इंग्रजी व्याकरण शिकलेला माणूस क्रियापदाशी जुळणाऱ्या पदालाच वाक्याचं मुख्य पद मानतो. त्या हिशेबानं ऊसच पुढे येतो आणि तोडणारा मागे पडतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासून मराठी वैयाकरणांना या दोन्ही शास्त्रांशी एकदमच बोलावं लागलं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या मतांची ‘शालापत्रका’तून कसून तपासणी केली. पुढे मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (1911) लिहून आधीच्यांची मतं एकेक करून पारखली. केशवसुतांचे हे बंधू. दामल्यांचा ग्रंथ 1970 साली संपादून पुन्हा वाचकांपुढे ठेवणाऱ्या कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी तर या साऱ्या झुंजींवर ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ हे स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. हे सगळे शिकवणारे लोक. वर्गात मुलानं विचारलेल्या प्रश्नाला पाठांतराचं उत्तर देऊन त्यांचं समाधान होत नव्हतं, म्हणून हा वाद इतका कसदार झाला.

मग खरंच ऊस धनी आहे का? एक वाक्य तपासून पाहू : ‘आईनं लेक आपल्या माहेरी धाडली.’ ‘धाडली’ हे रूप लेकीशी जुळलं. पण माहेर कुणाचं? आईचं. ‘आपल्या’ हा शब्द क्रियापदाची संगत सोडून करणारीकडे धावला. आणखी एक : ‘म्या जेवून ऊस तोडला.’ जेवलं कोण, हे सांगायची गरजच नाही. म्हणजे रूपाचा मान कर्माला आणि वाक्याचा कारभार कर्त्याकडे, अशी इथली वाटणी आहे. दोन्ही पक्षांचं म्हणणं खरं ठरतं, कारण दोघं वाक्याची दोन वेगळी अंगं पाहत असतात. मला या वादातली सर्वांत रसाळ जागा हीच वाटते.

आता ‘मी’ला ‘तू’ करून पाहा : ‘तू मोळी बांधलीस.’ ‘बांधली’मधली ई मोळीची आणि शेवटचा स तुझा. मोळ्या अनेक असतील तर ‘बांधल्यास’, आणि बांधणारे अनेक असतील तर ‘बांधल्यात’. एकाच क्रियापदानं कर्म आणि कर्ता या दोघांचीही खूण अंगावर घेतली. वैयाकरणांनी याला कर्तृकर्मसंकर असं भारदस्त नाव दिलं. नाव जड आहे, पण त्यामागचं निरीक्षण सोनाराच्या काट्याइतकं नाजूक आहे.

आणि तो ‘म्या’? संस्कृत ‘मया’पासून ज्ञानेश्वरीतल्या ‘मियां’पर्यंत आणि तिथून ‘म्यां’पर्यंत त्याची वाट स्पष्ट दिसते. प्रमाण मराठीत आज ‘त्यानं ऊस तोडला’ म्हणताना तृतीयेची खूण लागते, पण ‘मी’ आणि ‘तू’ मात्र बिनखुणेचे राहतात. हा मराठीचा एकटीचा चाळा नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या जिरबल भाषेत नामांना कर्त्याची खास खूण लागते, पण ‘मी’ आणि ‘तू’ला ती लागत नाही. मायकेल सिल्व्हरस्टीन या अमेरिकी अभ्यासकानं 1976 साली अशा अनेक भाषा एकत्र ठेवून मांडणी केली : बोलणारा आणि ऐकणारा हे कर्ते असणं भाषेला स्वाभाविक वाटतं, म्हणून त्यांच्यावर वेगळी खूण करण्याची गरज कमी भासते. ‘मी’चं बिनखुणेचं राहणं या नियमात चपखल बसतं. ‘म्या’ म्हणणाऱ्या बोलीनं मात्र ती खूण जपली आणि त्यामुळे रचनेचा सांगाडा उघडा दिसत राहिला.

ही रचना समजण्याचा उपयोग इंग्रजीच्या तासाला सर्वांत जास्त आहे. ‘बाय म्हणजे ने’ असं घोकलेलं पोर ‘रामानं आंबा खाल्ला’ हे वाक्य पाहिलं की इंग्रजीत थेट पॅसिव्ह लिहून मोकळं होतं. नियम त्यानं इमानानं पाळला. नियमच अपुरा होता. इंग्रजी पॅसिव्हमध्ये करणारा बाजूला सरतो, वेळेला गाळलाही जातो. मराठीत त्याच्या जवळ जाणारी रचना म्हणजे ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’, जिला व्याकरणानं ‘नवीन कर्मणि’ म्हटलं. ‘रामानं आंबा खाल्ला’मध्ये राम जागचा हललेला नाही. तिथे इंग्रजीचं साधं अ‍ॅक्टिव्ह वाक्यच हवं.

हे पोराला पटवायचं तर फळ्यावर आधी त्याच्या घरचं वाक्य लिहावं. ‘म्या ऊस तोडला’ आणि त्याखाली ‘मी ऊस तोडला’. परीक्षेत कुठलं लिहायचं ते जरूर सांगावं. पण ‘मी’ लिहूनही ‘तोडला’ हे रूप उसाशीच का जुळतं, हे समजायचं असेल तर ‘म्या’कडेच जावं लागतं. प्रमाण भाषेनं पुसलेली खूण जे मूल रोज तोंडानं उच्चारतं, त्याच्याकडे व्याकरणाच्या तासाला इतरांपेक्षा अधिक भांडवल असतं. ते त्याला चूक म्हणून नाही, पुरावा म्हणून ओळखता यायला हवं.