स्वयंचलित संदर्भसूची-साधने आणि मराठी ग्रंथ : एक चिकित्सा

संशोधनपर लेखनात संदर्भसूचीचे महत्त्व निर्विवाद आहे. ती तयार करण्याचे श्रम वाचावेत म्हणून ईझीबिब, सायटेशन मशीन, झोटेरो यांसारखी संगणकीय साधने गेल्या पाव शतकात प्रचारात आली. आयएसबीएन क्रमांक वा शीर्षक दिले की ती माहितीसंचयातून नोंद उचलतात आणि एपीए वा एमएलए पद्धतीत मांडून देतात. इंग्रजी ग्रंथांच्या बाबतीत ही सोय उपकारक आहे. प्रस्तुत लेखात मराठी ग्रंथांपुरताच विचार केला आहे.

पहिली अडचण ग्रंथकाराच्या नावाची. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असे ही साधने सामान्यतः गृहीत धरतात. त्यामुळे 'साने गुरुजी' यांचे 'गुरुजी, साने' होते आणि सोलापूरचे कवी कुंजविहारी 'कुंजविहारी, कवी' होऊन बसतात. आद्याक्षर म्हणजे पहिले संकेतचिन्ह असे यंत्राने मानले, तर 'विष्णू'चे 'वि.' न होता 'व.' होते; मात्रा गळून पडते. वर्णानुक्रमाचेही तसेच. युनिकोडच्या संकेतक्रमात 'ळ' हा 'व'च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. केवळ संकेतक्रमाने लावलेल्या सूचीत 'काळे' हे 'कावळे' यांच्या अगोदर येतात.

याहून गंभीर प्रश्न कालनिर्देशाचा आहे. जुन्या मराठी ग्रंथांवर पुष्कळदा शकाचा आकडा असतो. शके १८०५ म्हणजे इ.स. १८८३-८४. माहितीसंचयात नुसता '१८०५' नोंदला गेला असेल, तर साधन तो इसवी सन म्हणून छापते आणि तो ग्रंथ विल्यम केरीच्या मराठी व्याकरणाचा (१८०५) समकालीन ठरतो. स्वल्पविराम चुकला तर वाचक सावरून घेतो. येथे मात्र वाङ्मयेतिहासच अठ्ठ्याहत्तर वर्षांनी सरकतो.

सोलापुरातील उदाहरण घ्यावयाचे तर जीवराज जैन ग्रंथमालेतील 'तिलोयपण्णत्ती'चे घेता येईल. मूळ ग्रंथ प्राकृत, कर्ते यतिवृषभ, संपादक आ. ने. उपाध्ये व हिरालाल जैन, सोबत हिंदी भाषांतर. भाग दोन, प्रकाशनवर्षे १९४३ व १९५१. आयएसबीएनच्या कितीतरी आधीचे हे प्रकाशन. कर्ता, संपादक व भाषांतरकार यांच्या जागा येथे शीर्षकपृष्ठ वाचूनच ठरवाव्या लागतात. प्रकाशनस्थळाचे जुने इंग्रजी वर्णलेखन 'शोलापूर' असे. यंत्राच्या लेखी ते वेगळेच गाव.

विद्यार्थी ही साधने वापरणारच, आणि मांडणीपुरती वापरण्यास हरकतही नाही. आक्षेप आहे तो आपल्या तपासणीच्या पद्धतीला. प्रबंध तपासताना विरामचिन्हे काटेकोरपणे पाहिली जातात, पण नोंदीवरून तो ग्रंथ ग्रंथालयात सापडेल काय, हे क्वचितच पाहिले जाते. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांच्या नोंदीही निर्दोष मांडणीत देतात. जुन्या ग्रंथांसाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' (१८००-१९३७) उघडणे अजूनही अधिक भरवशाचे आहे.